बघतो

१२ फेब्रुवारी

पोलीस आज माझ्याच खुर्चीत बसून मला विचारत होता, की शेजारच्या दुकानाची जबाबदारी तुमच्याकडे होती का. जबाबदारी म्हणे! मी चष्मेवाला आहे. माझी जबाबदारी गिऱ्हाइकाच्या नाकावर सुरू होते आणि कानामागे संपते.

झालं ते असं. दुपारी काचवाला नेहमीप्रमाणे समोरच्या टपरीवर चहाला निघाला. माझ्या दारात थांबला, काहीबाही बोलला आणि शेवटी म्हणाला, "दादा, जरा बघा हं." मी म्हटलं, "बघतो." आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत आणि वीसेक वर्षं आमचं हेच चालू आहे. तो चहाला गेला की मी बघतो, मी जेवायला वर घरी गेलो की तो बघतो. बघायचं म्हणजे काय, तर गिऱ्हाईक आलं तर थोपवून धरायचं आणि कुत्रं शिरलं तर हाकलायचं. यासाठी आजवर कुणाला शपथ घ्यावी लागली नव्हती.

मी चाकावर भिंगाची कड घासत होतो. जाड नंबरचं भिंग, नजर हलली की टवका उडालाच म्हणून समजा. तेवढ्यात शेजारच्या पायरीवरून बाईचा आवाज आला, "कोणी आहे का?" मी मान वर न करता म्हटलं, "आत बसा हो, येतोच." माणुसकी म्हणून म्हटलं. उन्हात कशाला ताटकळत ठेवायचं कुणाला?

मग तो आवाज झाला. धावलो. भिंतीला टेकवलेली मोठी काच घसरून बाईच्या उजव्या हातावर आली होती. मी चष्मे पुसायच्या फडक्यांनी हात आवळून बांधला, रस्त्यातली पहिली गाडी अडवली आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. काचवाला टपरीवरून पळत आला तो हातात चहाचा पेला तसाच घेऊन. बाई चौकापलीकडे केस कापायचं पार्लर चालवतात, असं नंतर कळलं. नव्या आरशाचं माप द्यायला आल्या होत्या.

बायकोने माझा शर्ट भिजत घातलाय. डाग जाईल असं वाटत नाही.

१६ फेब्रुवारी

पार्लरवालीच्या अंगठ्याची शीर तुटली होती. डॉक्टरांनी जोडली आहे, पण अंगठा वळत नाही. कात्री धरता येईल की नाही, आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं.

काचवाला दुकान न उघडता पायरीवर बसून होता. मी चहा पाठवला, तो तसाच गार झाला. मग मीच जाऊन शेजारी बसलो. तो म्हणाला, "दादा, मी तुम्हाला सांगून गेलो होतो ना? मोठी काच नुसती टेकवलीय, स्टँडवर जागा नाही, कुणाला जवळ जाऊ देऊ नका म्हणून?"

म्हणे सांगून गेला होता. सांगितलं असेलही. हा माणूस दिवसभर बोलतो. चाक चालू असताना त्यातलं निम्मं मला ऐकूच येत नाही. पण त्याचा सूर मला आवडला नाही. 'तुम्हाला' या शब्दावर त्याने नको तेवढा जोर दिला. आणि मी विचारतो, दुकानातलं एकुलतं एक स्टूल त्या काचेखालीच ठेवायचं हे कुठलं शहाणपण? माणूस बसणार तरी कुठे?

३ एप्रिल

धर्म करता कर्म उभं राहिलं. पार्लरवालीने दावा लावलाय. काचवाल्यावर लावला ते समजू शकतो. माझ्यावरही लावलाय! आणि का, तर काचवाल्याने जबाब दिला की दुकान मी दादांच्या हवाली करून गेलो होतो आणि ते 'बघतो' म्हणाले होते.

हवाली! जणू काही किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचून तो तीर्थयात्रेला गेला होता. अरे, चहाला गेला होतास ना तू?

आता पलीकडच्या किल्लीवाल्याकडे बघा. माझ्या दुसऱ्या बाजूला त्याचं दुकान. आयुष्यात कुणाची पिशवी सांभाळली नाही त्याने. "माझ्या भरवशावर काही ठेवू नका," हे त्याचं ब्रीदवाक्य. त्या दिवशी तोही दुकानात होता, त्यानेही आवाज ऐकला, आणि तो जागचा हलला नाही. त्याला साधी नोटीससुद्धा नाही. आज माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

५ एप्रिल

बायकोच्या बहिणीची मुलगी वकील आहे. लहानपणी तिचे सगळे चष्मे मीच केले. आता ती माझी केस लढणार. आज घरी आली. मी विचारलं, कायदा काय म्हणतो ते एकदा सरळ सांग. ती म्हणाली, "काका, तुमच्यासमोर अनोळखी माणूस बुडत असेल आणि तुम्ही काठावर उभं राहून नुसतं बघत राहिलात, तर सहसा कायदा तुम्हाला काही विचारत नाही. पण तुम्ही दोर टाकलात, तो तुमच्या भरवशावर राहिला, आणि तुम्ही मध्येच दोर सोडलात, तर विचारतो."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे काठावर उभा राहून गंमत बघणारा सभ्य आणि दोर टाकणारा गुन्हेगार? मग शाळेत शेजारधर्म शिकवता कशाला पोरांना? सरळ शिकवा ना, की दार लावून घ्या आणि कानात बोळे घाला! भाची म्हणाली, गुन्हेगार नाही काका, हा दिवाणी दावा आहे. मला त्याचं काय? मला तर पिंजऱ्यातच उभं केल्यासारखं वाटतंय.

तिच्या मते सगळा खेळ 'बघतो' या एका शब्दावर आहे. बघतो म्हणजे 'मी जबाबदारी घेतो' असं ठरलं तर आपण अडकलो, नुसती बोलायची पद्धत असं ठरलं तर सुटलो. बायको तिथेच भाजी निवडत होती. म्हणाली, "मोरीतला नळ गळतोय त्याला वर्ष झालं. दर आठवड्याला बघतो म्हणतात. मला उभं कर साक्षीला." भाची खो खो हसली. मला काही हसू आलं नाही. घरातलं बघतो वेगळं आणि दुकानातलं वेगळं, हे काय समजावून सांगायला हवं?

जाताना तिने विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का. म्हटलं, नाही. आत बसा म्हटल्याचं सांगणार होतो, पण तेवढ्यात ती चपला घालत होती. आणि वकिलाचा वेळ घ्यावा एवढी ती गोष्टही नाही. आल्यागेल्याला मी दिवसातून किती वेळा आत बसा म्हणतो!

२२ जून

काचवाला आता चहाला जाताना शटर ओढतो. खडाड्‌कन. येताना पुन्हा वर, पुन्हा खडाड्‌कन. पूर्वी जाताना दोन शब्द व्हायचे, आता त्या पत्र्याचा आवाज होतो.

ठीक आहे. मीही जेवायला जाताना शटर ओढू लागलो. माझा खांदा दुखतो, पण ओढतो. किल्लीवाला म्हणतो, तुमच्या दोघांच्या शटरांना तेल घालून देऊ का, पैसे नकोत. त्याची ही चेष्टा मला कळते.

१४ जुलै

पार्लरच्या बाजूने सहज गेलो होतो. म्हणजे काम होतं, जवळच. बाहेरूनच दिसलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ती स्वतः बसली होती आणि एका नव्या मुलीला तोंडाने सांगत होती, इथून घे, एवढं नको, तिरकी धर. बोलताना तिचा उजवा हात उठायचा आणि हवेतच थांबायचा. दोन बोटं तेवढी हलायची.

आत जाऊन विचारपूस करावी असं मनात आलं. पण भाचीने तंबी दिली आहे, समोरच्या पक्षाशी अवाक्षर बोलायचं नाही. विचारपूस करायचीसुद्धा चोरी. असला कसला कायदा हा?

९ सप्टेंबर

आज साक्षी झाल्या. घरी आल्यावर तीन पेले पाणी प्यालो.

आधी पार्लरवाली. ती म्हणाली, मी पायरीवरून विचारलं, कोणी आहे का. आतून पुरुषाचा आवाज आला, "आत बसा हो, येतोच." म्हणून मी आत गेले आणि होतं त्या स्टुलावर बसले. तिच्या वकिलाने विचारलं, आवाज कोणाचा? ती म्हणाली, "मालकाचाच असणार. येतोच असं ज्याचं दुकान तोच म्हणतो ना?"

मी बाकावर बसून ऐकत होतो आणि कानशिलं तापली. अहो बाई, येतोच म्हणजे 'तो' येतोच! मी येतोच असं कोण म्हणालं? पोरंसोरंसुद्धा समजतील इतकं सोपं आहे. यांनी स्वतःच्या मनाने मालक ठरवला, स्वतःच्या मनाने आत गेल्या, आणि आता खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल ते फुटेल.

मग काचवाला. त्याने शपथेवर सांगितलं, मी टपरीवर होतो, मी कुणाला आत बोलावलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, मग बाईंना आवाज कोणी दिला? तो म्हणाला, मला माहीत नाही. टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो, हे रोजच येतात, त्या घटकेला होते की नव्हते हे कोण लक्षात ठेवतो साहेब. वीस वर्षं त्याचा चहा पितोय हा माणूस, आणि टपरीवाला म्हणतो कोण लक्षात ठेवतो.

शेवटी मी. काय करत होतात? भिंग घासत होतो. बाईंना आत जाताना पाहिलंत? नाही. मान वर केलीत? नाही. मी एक अक्षर खोटं बोललो नाही, हे इथे लिहून ठेवतो. तुम्ही काही बोललात का, असं कुणी विचारलंच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी काय रेडिओ आहे?

भाचीने मग 'बघतो'चा अर्थ विचारला. ठरल्याप्रमाणे म्हटलं, ती बोलायची एक पद्धत आहे, त्यात विशेष काही नसतं. मी हे बोलत असताना काचवाला माझ्याकडे बघत होता. मी समोरच्या घड्याळाकडे बघितलं.

बाहेर व्हरांड्यात त्याने मला गाठलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बोलला. "दादा, मी नव्हतो. मग आवाज कुणाचा होता?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? कोर्टाला विचार." आणि भराभर जिना उतरलो. माझ्यावर दावा ओढवून आणणाऱ्याने मलाच वर प्रश्न विचारायचे, हा कुठला न्याय!

२ डिसेंबर

निकाल लागला. मी सुटलो. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. भाचीने पेढे आणले. मला एकही गेला नाही.

कारण निकालात माझ्याबद्दल काय म्हटलंय ते तिने वाचून दाखवलं. 'बघतो' हा शेजाऱ्याने शिष्टाचारापुरता उच्चारलेला शब्द असून त्यातून कोणतंही कर्तव्य पत्करल्याचं दिसत नाही, आणि असल्या शब्दावर कोणी शहाणा माणूस विसंबणार नाही. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या शब्दावर? पुरात काचवाला गावी अडकला होता तेव्हा मी बघतो म्हटलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याच्या काचा माझ्या माळ्यावर चढवल्या. त्याच्या बायकोचं बाळंतपण होतं तेव्हा बघतो म्हटलं आणि आठवडाभर दोन्ही दुकानं चालवली. माझं बघतो म्हणजे दगडावरची रेघ. आणि हे गृहस्थ वर बसून म्हणतात, शिष्टाचार!

भाची म्हणाली, "पण काका, तुम्हीच तसं सांगितलंत ना?"

मी सांगितलं ते केस जिंकायला. खरं मानायला नव्हे.

काचवाल्यावर मात्र पूर्ण बोजा पडला. त्याने स्वतः गिऱ्हाइकाला आत बोलावून धोक्याच्या जागी बसवलं आणि वर कोर्टासमोर साफ नाकारलं, असं निकालात आहे. त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हटलं. तो नुसता उभा होता. कुणाशी भांडला नाही, रडला नाही. भाची म्हणते, अपील करायला त्याला मुदत आहे, पण नव्याने काही पुरावा आला नाही तर उपयोग नाही.

तो दुकान विकणार, असं किल्लीवाल्याकडून कळलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काचवाला खोटं बोलणारा माणूस नाही." मी म्हटलं, कोर्टापेक्षा तुला जास्त कळतं का? ती म्हणाली, "कोर्ट त्याच्या शेजारी वीस वर्षं राहिलेलं नाही."

१९ डिसेंबर

काय लिहावं समजत नाही, पण लिहितो.

सकाळपासून शेजारी काचवाल्याच्या काचा गोणपाटात गुंडाळायचं काम चालू होतं. उरलेला माल कुणीतरी घेऊन जाणार आहे. मी मागच्या खोलीत चाकावर होतो. पायरीवरून आवाज आला, "कोणी आहे का?" हातात भिंग, म्हणून नेहमीसारखं म्हटलं, "आत बसा हो, येतोच."

कड पुरती घासून, भिंग पुसून बाहेर आलो. पायरीवर पार्लरवाली उभी होती. डाव्या हातात एक चष्मा, बहुधा तिच्या आईचा, दांडीचा स्क्रू पडलेला. आमचं दुकान चौकातलं जवळचं, केस संपली, म्हणून आली असेल. पण ती आत आली नव्हती. चेहरा पांढराफटक. उजवा हात तिने पोटाशी धरला होता.

शेजारी गोणपाट बांधायचं थांबलं होतं. काचवाला त्याच्या पायरीवर आला होता, हातात सुतळी. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तिला हळू विचारलं, "हाच ना?"

तिने मान डोलावली.

मी म्हटलं, "अहो, उभ्या का? आत बसा ना." ती आत आली नाही. चष्मा पदराआड धरून मागच्या मागे दोन पायऱ्या उतरली आणि निघून गेली. काचवाला तिथेच उभा राहिला. वाटलं, ओरडेल, शिवी देईल, कॉलर धरेल. त्याला तसा हक्कही आहे असं कुणी म्हणेल. त्याने सुतळीची गाठ मारली आणि आत गेला.

मी विचारतो, दारात आलेल्या माणसाला आत बसा म्हणायचं नाही? पाणी द्यायचं नाही? सावली द्यायची नाही? जगात माणसाने एकमेकांशी बोलायचंच बंद करायचं का? मी काच टेकवली नाही, स्टूल ठेवलं नाही, खोटं बोललो नाही. मी फक्त दोन शब्द बोललो, आणि तेसुद्धा चांगले. सगळ्या जगाने येऊन या दोन शब्दांवरच का बसावं?

स्क्रू शोधून ठेवलाय. त्या मापाचा एकच होता.

२० डिसेंबर

दुकान उघडलं नाही. अंगात कणकण आहे.

दुपारी काचवाल्याची बायको वर आली आणि माझ्या बायकोशी दारातच बोलून गेली. मी आतल्या खोलीत पडून होतो; शब्द कळले नाहीत, पण रडण्याचा आवाज नव्हता. भांडणाचाही नव्हता. ती गेल्यावर बायको येऊन पलंगाच्या कडेला बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी म्हटलं, काय ते बोलून टाक, उगाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार नको.

ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. मुदत संपायच्या आत काचवाल्याबरोबर वकिलाकडे जा आणि तो आवाज माझा होता एवढं सांगा. तो खोटा नाही एवढं तरी होईल."

मी म्हटलं, माहीत आहे का त्याचा परिणाम? सगळं माझ्यावर उलटेल. भाचीची बदनामी होईल. आणि आता सांगून त्या बाईचा अंगठा थोडाच वळणार आहे?

"नाही वळणार," ती म्हणाली. "जाल ना?"

वीस वर्षं शब्द पाळला मी. कोर्टाने पायदळी तुडवला तरी मी पाळणारच. माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही, हे या घरात तरी विचारायची वेळ येऊ नये. माझा राग अनावर झाला होता, पण आजारी माणसाने चिडू नये म्हणून मी शांतपणे उत्तर दिलं.

म्हटलं, "बघतो."

मोरीतल्या नळाखालची बादली भरली होती, ती ओतायला बायको उठली.